टेकच्या शेवटचे सहा सेकंद

"कट" म्हटल्याबरोबर सगळं थांबत नाही. शब्द दिग्दर्शकाच्या तोंडातून बाहेर पडतो, कॅमेऱ्यावरचं बोट बटणापर्यंत जातं, मग कधीतरी साउंडवाला रेकॉर्डर बंद करतो. यात चार-सहा सेकंद सहज जातात. आमचा रेकॉर्डर तर नेहमी कॅमेऱ्यानंतरच थांबायचा, त्यामुळे चित्र संपलं तरी आवाज थोडा पुढे चालू राहायचा. प्रेक्षकांपर्यंत हे सेकंद कधी पोचत नाहीत. ते संकलकाच्या वाट्याला येतात, आणि आमच्या लघुपटाचं संकलन माझ्याकडे होतं.

शॉट सत्तावीस, टेक तीन. दिग्दर्शक म्हणतो, "कट. छान होता. पुढे जाऊ." खुर्ची सरकल्याचा आवाज येतो. आणि मग माइकच्या अगदी जवळून कुणीतरी पुटपुटतं, "च्... घड्याळ."

आवाज आमच्या साउंडवाल्याचा होता. मी तो तुकडा पुन्हा लावला. मग त्याच दृश्याच्या बाकीच्या टेकचे शेवट ऐकले. मग आधीच्या दृश्यांचे. त्या रात्री मी संकलन केलंच नाही, फक्त शेवट ऐकत बसले.

आम्ही सात जण होतो: दिग्दर्शक, कॅमेरा, साउंड, कंटिन्युइटी (एका शॉटमधलं दुसऱ्याशी जुळतं का हे बघणारी), बहिणीचं काम करणारी, भावाचं काम करणारा आणि मी. पटकथा माझी होती, संकलन मीच करणार होते आणि सेटवर क्लॅपही माझ्याच हातात होती. सेटवर माणसाला कामाच्या नावाने हाक मारायची सवय लागते. "साउंड?" "रोलिंग." "कॅमेरा?" "रोलिंग." दोन दिवसांत ती इतकी अंगवळणी पडली, की इथेही मी त्यांना तसंच म्हणणार आहे.

गोष्ट साधी होती. वडील गेल्यावर भाऊ आणि बहीण घर रिकामं करायला येतात. भिंतीवर लंबकाचं घड्याळ आहे, कित्येक वर्षं बंद. भावाला घर लवकर मोकळं करायचंय. बहीण सामान बांधता बांधता प्रत्येक वस्तूपाशी रेंगाळते. शेवटच्या दृश्यात भावालाच घड्याळाच्या पेटीत किल्ली सापडते. तो घड्याळाला किल्ली देतो, लंबक हलायला लागतो आणि त्या टिकटिकीत दोघं पहिल्यांदा वडिलांबद्दल बोलतात. पटकथा नऊ पानांची झाली होती. एका पानाला साधारण एक मिनिट असा ढोबळ हिशेब असतो, म्हणजे नऊ मिनिटांची फिल्म. घड्याळ चालू होणं हाच तिचा शेवट होता, आणि त्या शेवटावर माझा फार जीव होता.

तयारीच्या महिन्याबद्दल थोडक्यात सांगते. शॉट डिव्हिजन आम्ही तिघांनी, म्हणजे दिग्दर्शक, कॅमेरा आणि मी, मिळून केलं. साउंड आणि कंटिन्युइटी त्या बैठकांना नव्हते. त्यांना मुद्दाम वगळलं असं झालं नाही. शॉट ठरवणं हे चित्राचं काम, आवाजाचं नंतर बघू, असं आम्ही गृहीतच धरलं होतं. आज ती शॉटची यादी काढून बघते तेव्हा लेन्स, अँगल, कॅमेऱ्याची हालचाल, कलाकारांच्या जागा असे रकाने दिसतात. आवाजाचा रकाना नाही. एकतीस शॉट्सच्या यादीत 'घड्याळ' हा शब्द अकरा वेळा आहे, आणि प्रत्येक वेळी ते कसं दिसेल एवढंच लिहिलंय.

पहिला दिवस बरा गेला. सामान बांधण्याची दृश्यं होती, बोलणं कमी होतं. कॅमेऱ्याने सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंद शटर असा नेहमीचा हिशेब धरला होता. त्या शटरला ५० हर्ट्झच्या विजेवरचे दिवेही लुकलुकत नाहीत. खोलीतला पिवळा बल्ब आणि खिडकीतून येणारा दिवसाचा उजेड यांचं जमेना. बल्बचा रंग ३२०० केल्विनच्या आसपास, दिवसाचा ५६०० च्या. एकाला पांढरा धरलं की दुसरा निळा किंवा नारिंगी व्हायचा. शेवटी बल्ब बंदच ठेवला आणि सगळं खिडकीच्या उजेडावर सोडलं. चित्र फार सुंदर यायला लागलं. तो निर्णय उद्या आपल्याला कुठे नेणार आहे, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही.

सूर्य तासाला १५ अंश सरकतो. शाळेत पाठ केलेली ही गोष्ट मला दुसऱ्या दिवशी त्या खोलीत कळली. सकाळी खिडकीतून आलेला कवडसा घड्याळाच्या खाली, बहिणीच्या खांद्याशेजारी भिंतीवर पडला होता. मास्टर शॉट, म्हणजे लांबून अख्खं दृश्य दाखवणारा शॉट, घेतला तेव्हा तो तिथे होता. मास्टर आटोपून बहिणीचे क्लोज-अप सुरू केले तेव्हा कवडसा हातभर सरकला होता. भावाच्या बाजूने ओव्हर द शोल्डर, म्हणजे त्याच्या खांद्यावरून घेतलेला शॉट, लावेपर्यंत कपाटावर गेला होता. पडद्यावर हे सगळं एकाच संवादात, एकामागोमाग एक येणार होतं. दिग्दर्शकाच्या ते लक्षात आल्यावर सेटचा सूर पालटला. "लवकर, लवकर. ऊन जातंय." त्यानंतरच्या तीन तासांत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, की क्लॅप मारताना माझेच हात घाईने हलायला लागले. काही टेकमध्ये तर पाटीवरचा नंबरही नीट दिसत नाही.

आणि घड्याळ चालू होतं.

ते खरोखरच चालणारं घड्याळ होतं आणि लंबक फ्रेममध्ये हलताना दिसायलाच हवा होता. कंटिन्युइटी प्रत्येक टेकनंतर काटे मागे आणून चार वाजून दहा मिनिटांवर लावत होती. मोबाइलवर फोटो काढून पडताळत होती. सामानाचा ढीग, बहिणीची बाही, भावाच्या हातातली किल्ली डाव्या हातात की उजव्या, तिच्या वहीत सगळं होतं. त्या दृश्यात काटे कुठेही चुकलेले नाहीत. मी फ्रेम-फ्रेम बघून सांगते.

टिकटिक मात्र प्रत्येक टेकच्या आवाजात बसली होती. क्लोज-अपमध्ये घड्याळ फ्रेममध्ये नव्हतंच. लंबक बोटाने थांबवायला एक सेकंद पुरला असता. खोलीत सात माणसं होती आणि कुणीही ते थांबवलं नाही.

ज्यांनी कधी संकलन केलं नाही त्यांच्यासाठी सांगते, यात बिघडतं काय. संवादाचं दृश्य तुकड्यांतून उभं राहतं. भावाचं वाक्य टेक दोनमधलं, बहिणीचं उत्तर टेक चारमधलं, त्यातला एक श्वास तिसरीकडचा. डोळ्यांना हे सलग दिसतं. पण प्रत्येक तुकड्यात टिकटिक त्या-त्या टेकच्या ठेक्यात असते. आमच्या लंबकाची टिक साधारण दर अठरा फ्रेमला पडायची. कट केला, की एक टिक अठरा फ्रेमनंतर, पुढची अकरावर, त्यापुढची पंचविसावर. टिक, टिक, टिकटिक... टिक. कान हे लगेच पकडतो. आपण प्रत्येक जोड ऐकतो आणि दृश्य फाटतं. पंख्याची सलग घरघर असती तर सॉफ्टवेअरने बरीच कमी करता आली असती. अशी तुटक टिक शब्दांवरच बसलेली असली, की ती काढताना शब्दाचा तुकडाही जातो. मी दोन दिवस प्रयत्न केला. बहिणीचा 'बाबा' हा शब्द प्रत्येक वेळी पाण्याखालून आल्यासारखा येत होता.

तेव्हा मी वैतागून मूळ फाइल्स पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायला घेतल्या, एखादा तरी टेक टिकेशिवाय मिळतो का बघायला. मिळाला नाही. ते शेवटचे सेकंद मात्र मिळाले.

शॉट एकोणीस, टेक दोन. कॅमेरा स्वतःशीच: "शेवटी सॉफ्ट गेला." म्हणजे फोकस सुटला होता. मागची भिंत धूसर व्हावी म्हणून आम्ही लेन्स पूर्ण उघडी, एफ १.८ ला ठेवली होती. तेवढ्यात नटी वीतभर पुढे झुकली तरी डोळे धूसर होतात.

शॉट चोवीस, टेक चार. कंटिन्युइटी: "अरे, कवडसा कुठाय?" त्यावर कुणाचंच उत्तर नाही. लगेच पुढच्या शॉटची गडबड.

शॉट अठ्ठावीस, टेक तीन. बहीण, भावाला हळूच: "मला अजून एक हवा होता रे." भाऊ: "सांग की." बहीण: "नको, ऊन जाईल."

शॉट एकतीस. दिग्दर्शक म्हणतो, "कट. मस्त. पॅक-अप!" टाळ्या, गलका. आणि त्या गलक्याखाली त्याचाच आवाज, बहुधा मॉनिटरकडे बघत: "नाही जमलं."

आणि मी. शॉट पंचवीस. वडील दर रविवारी घड्याळाला कशी किल्ली द्यायचे हे सांगणारं भावाचं लांब वाक्य होतं. तो चार टेकमध्ये चारही वेळा एकाच जागी अडखळला. चौथ्याच्या शेवटी मी क्लॅप घेऊन त्याच्याजवळ गेलेली ऐकू येते. मी म्हणते, "वाक्यच लांब झालंय. मलाही कळतंय." तो म्हणतो, "मग कापूया का?" मी म्हणते, "राहू दे आता."

ते ऐकून मी हेडफोन काढून ठेवले. ते वाक्य मी कितीतरी रात्री घासून-पुसून लिहिलं होतं. ते नको आहे हे मला तिथेच, त्या खोलीत कळलं होतं. कापायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी ते बोललेही, पण ज्याच्याशी बोलायला हवं होतं त्या दिग्दर्शकाशी नाही. अडखळल्याबद्दल स्वतःलाच दोष देणाऱ्या नटाशी बोलले. त्याने पुढचा टेक कसा दिला असेल, याचा विचार आजही मनातून जात नाही.

दुसऱ्या दिवशी मी आधी साउंडला एकट्याला बोलावलं. तो आमच्यापेक्षा एक वर्ष मागे, मला ताई म्हणतो, दिग्दर्शकाला दादा. रेकॉर्डर खांद्याला अडकवून बूमही, म्हणजे लांब काठीवरचा माइकही, तोच धरत होता. दोन दिवस हात वर करून उभा होता आणि आम्ही त्याला मदतनीस दिला नव्हता.

"तुला टिकटिक ऐकू येत होती?"

"हो ताई. पहिल्या टेकपासून."

"मग बोलला का नाहीस?"

तो थोडा वेळ गप्प बसला. "दादा उन्हामागे होते. सगळेच होते. मला वाटलं, मी बोललो तर माझ्यामुळे शॉट जाईल. आणि तुम्ही सगळे चालेल म्हणत होतात, तर मला वाटलं एडिटमध्ये निघत असेल."

मला राग येईल असं वाटलं होतं. आला नाही. कारण ती टिकटिक मलाही ऐकू येत होती. क्लॅप मारून मी माइकपासून चार पावलांवर उभी असायचे. शिवाय हे दृश्य मलाच जोडायचं होतं, त्याला नाही. मला ती सुंदर वाटत होती. माझ्या पटकथेतलं घड्याळ चालू झालंय म्हणून अंगावर काटा येत होता. ऐकणं आणि आवाज म्हणून ऐकणं यांत फरक आहे. दुसरं तो एकटा करत होता, आणि त्याला विचारणारं कुणी नव्हतं.

ते शेवटचे तुकडे सगळ्यांना ऐकवावेत का, यावर मी बराच विचार केला. लोक स्वतःशी बोलले होते. असं दुसऱ्याचं पुटपुटणं सर्वांसमोर लावणं मला बरं वाटेना. म्हणून प्रत्येकाला आधी त्याचा त्याचा तुकडा एकट्याला ऐकवला आणि विचारलं. सगळे हो म्हणाले. दिग्दर्शकाने फक्त एक रात्र मागितली.

मग सात जण एका खोलीत बसलो. सुरुवात मी माझ्या तुकड्याने केली. भावाचं काम करणारा पहिल्यांदा ते सगळ्यांसमोर ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्याने एवढंच म्हटलं, "मला वाटत होतं मलाच जमत नाहीये." मी त्याची माफी मागितली. त्यानंतर एकेक तुकडा लागला. शेवटी "नाही जमलं" आलं तेव्हा दिग्दर्शक खाली बघत होता. मग म्हणाला, "मी 'छान' म्हणायचो कारण तुम्ही दमला होतात. मला वाटायचं, मी 'छान' नाही म्हटलं तर सगळे खचतील."

"आणि तू 'छान' म्हणतोस म्हटल्यावर आम्ही कसं सांगणार?" कॅमेरा म्हणाला.

दोघांचंही खरं होतं. एकाने दुसऱ्याला जपायला शब्द वापरला आणि त्याच शब्दाने बाकीच्यांची तोंडं बंद झाली. आम्ही चांगले मित्र होतो, अजून आहोत. आमच्यात कसलंही भांडण नव्हतं. कधीकधी वाटतं, थोडं भांडण असतं तर कुणीतरी मोठ्याने बोललं असतं.

शेवटचं दृश्य पुन्हा शूट करायचं ठरलं. ती खोली अर्ध्याच दिवसासाठी मिळणार होती. यादी नव्याने केली, या वेळी सातही जण बसून. साउंडने त्या बैठकीत जे सांगितलं ते आम्हाला पहिल्या दिवशीच सांगायला तो तयार होता, हे ऐकताना वाईट वाटत होतं. त्याचं म्हणणं असं: लंबक हलताना दिसतो तो फक्त मास्टर शॉट. तो लांबून आहे, ओठ नीट दिसत नाहीत, तिथला संवाद नंतर दुसऱ्या टेकमधून बसवता येईल. बाकी प्रत्येक शॉटला घड्याळ बंद. टिकटिक वेगळी, एकटी, सलग रेकॉर्ड करायची, आणि तीही दोन जागांवरून. एकदा घड्याळाजवळून, एकदा बहीण उभी राहते तिथून. "जवळून घेतलेली टिक क्लोज-अपसारखी वाटते, ताई. लांबून घेतली की तिच्यात खोली येते." फिल्ममध्ये शेवटी लांबूनची वापरली. त्याचं बरोबर होतं.

उन्हाचा प्रश्न कॅमेऱ्याने सोडवला. खिडकीला पांढरं कापड लावून थेट ऊन अडवलं आणि खिडकीबाहेरून एक एलईडी दिवा पडद्याआडून आत सोडला. कवडसा आमचा, म्हणून तो सरकणार नव्हता. उजेड पहिल्या दिवसाइतका देखणा नव्हता. दिग्दर्शकाला ते खुपत होतं आणि त्याने ते बोलून दाखवलं. कॅमेऱ्याने लेन्स एफ ४ ला आणली, म्हणजे भिंत थोडी जास्त स्पष्ट झाली पण बहिणीला हलायची मोकळीक मिळाली. त्याबद्दल तिने कॅमेऱ्याचे आभार मानले तेव्हा तो चकित झाला. फोकस सुटू नये म्हणून ती सबंध दुसरा दिवस अंग आखडून उभी होती, हे त्याला माहीतच नव्हतं.

आणि एक नियम केला. टेक संपला की दिग्दर्शकाने आधी काहीच बोलायचं नाही. "छान"ही नाही. फक्त क्रमाने विचारायचं: कॅमेरा? साउंड? कंटिन्युइटी? मग दोघं कलाकार. प्रत्येकाने मोठ्याने उत्तर द्यायचं, एका वाक्यात. त्यानंतर त्याने ठरवायचं, पुन्हा की पुढे. अनुभवी युनिटमध्ये असं विचारणं रोजचंच असतं, हे आम्हाला वर्गात सांगितलंही गेलं होतं. ऐकलं तेव्हा शिस्तीची बाब वाटली होती. त्या खोलीत तिचा उपयोग कळला: साउंडला आता शॉट अडवायला धीर गोळा करावा लागत नव्हता, त्याला फक्त उत्तर द्यायचं होतं.

पहिल्या टेकनंतर दिग्दर्शकाने विचारलं, "साउंड?"

"बाहेर गाडी गेली. 'किल्ली'वर."

"पुन्हा."

दुसऱ्यानंतर कॅमेरा म्हणाला ठीक, साउंड म्हणाला ठीक, कंटिन्युइटी म्हणाली, "किल्ली उजव्या हातात आली." पुन्हा. तिसऱ्यानंतर सगळ्यांचं ठीक आलं आणि बहीण म्हणाली, "मला एक हवाय." दिग्दर्शकाने तोंड उघडलं, मिटलं आणि म्हणाला, "पुन्हा." तो चौथा टेक फिल्ममध्ये आहे. तिसरा तंत्राने अधिक स्वच्छ होता. मी दोन्ही शेजारी लावून कितीदा पाहिले. चौथ्यात तिला घाई नाही.

भावाचं लांब वाक्य मी कापून फक्त "रविवारी द्यायचे ना?" एवढंच ठेवलं. तो एकदाही अडखळला नाही.

नव्या रशेसवर, म्हणजे नव्याने शूट केलेल्या कच्च्या फुटेजवर, काम करताना संकलन वेगळंच झालं. आधीच्या कटमध्ये मी जो बोलतो त्याचा चेहरा दाखवत होते. आता आवाज सुटा होता, त्यामुळे शब्द एकाचा आणि चेहरा दुसऱ्याचा ठेवता येऊ लागला. भाऊ बोलत असतानाच कट ऐकणाऱ्या बहिणीवर जातो आणि त्याचं वाक्य तिच्या चेहऱ्यावर संपतं. याला एल-कट म्हणतात. शंभरेक वर्षांपूर्वी लेव्ह कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकाने एका नटाचा तोच निर्विकार चेहरा कधी सूपच्या ताटलीशेजारी, कधी शवपेटीशेजारी जोडून दाखवला होता, आणि पाहणाऱ्यांना त्या एकाच चेहऱ्यात कधी भूक तर कधी दुःख दिसलं, असं सांगतात. आम्ही ते परीक्षेसाठी लिहिलं होतं. आता बहिणीचा, फक्त ऐकत उभा असलेला चेहरा मी "रविवारी द्यायचे ना?" या तीन शब्दांखाली ठेवला, आणि मी कापलेलं सगळं वाक्य मला तिच्या चेहऱ्यावर वाचता आलं. पटकथेत जे शब्दांत सांगायला मला पाच ओळी लागल्या होत्या, ते तिथे होतं.

टिकटिकीचा सलग ट्रॅक खाली टाकला. मास्टर शॉटमधल्या लंबकाशी तो जुळवायला एक संध्याकाळ गेली. तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली: कट नेमका टिकेवर पडला की तो टोचतो, हातोडा मारल्यासारखा वाटतो. दोन-तीन फ्रेम अलीकडे किंवा पलीकडे नेला की दिसेनासा होतो. त्या दृश्यातले सगळे कट मी असे टिकांच्या मधल्या जागेत सरकवले. मग पिक्चर लॉक केलं, म्हणजे चित्राचे सगळे कट पक्के केले, आणि फाइल साउंडच्या हवाली केली. त्याने आधीच बजावलं होतं, "लॉक म्हणजे लॉक, ताई. नंतर दोन फ्रेम हलवल्या तरी माझं सगळं सरकतं." मी एकही फ्रेम हलवली नाही, जरी एका जागी हात शिवशिवत होते.

फिल्म सात मिनिटं वीस सेकंदांची झाली. पहिल्या दिवशीची दृश्यं तशीच आहेत. एकोणीस नंबरच्या शॉटमध्ये शेवटी डोळे धूसर होतात, तेही तसंच आहे, कारण त्याला पर्याय नव्हता. दाखवली तेव्हा कुणी त्याबद्दल बोललं नाही. कॅमेरा मात्र प्रत्येक वेळी त्या जागी मान फिरवतो.

अर्ध्या दिवसाच्या शूटमधला शेवटचा टेक संपला तेव्हाचं एक सांगायचं राहिलं. पॅक-अप म्हणायच्या आधी साउंड म्हणाला, "दादा, रूम टोन." आधीच्या दोन दिवसांत तोही आम्ही घेतला नव्हता. रूम टोन म्हणजे त्या खोलीची शांतता. कुणी बोलत नसतानाही प्रत्येक खोलीला आपला एक आवाज असतो. तो रेकॉर्ड केलेला नसेल तर संवादांमधल्या रिकाम्या जागा खड्ड्यांसारख्या वाजतात. तो घेताना माणसं आणि सामान असेल तिथेच ठेवायचं, कारण सात माणसं बाहेर गेली की खोलीचा आवाजही बदलतो.

"एक मिनिट. कुणी हलू नका," तो म्हणाला, आणि शूटच्या अडीच दिवसांत पहिल्यांदाच सगळे त्याच्याकडे बघत होते.

लंबक थांबवलेला होता. भावाच्या हातात किल्ली, बहीण खोक्यापाशी, कंटिन्युइटी वही छातीशी धरून. कॅमेऱ्याचा एक हात ट्रायपॉडवर. मी क्लॅप पोटाशी घट्ट दाबून धरली होती, चुकून वाजेल म्हणून. दिग्दर्शकाने डोळे मिटले होते. साउंड हेडफोनवर हात ठेवून ऐकत होता. साठ सेकंद खूप लांब असतात.

शेवटच्या दृश्याखाली, टिकटिकीच्याही खाली, तो मिनिटभराचा तुकडा पुन्हा पुन्हा जोडून पसरलेला आहे. हेडफोन लावून आवाज बराच वाढवला तर चाळिसाव्या सेकंदाच्या आसपास कुणाचातरी एक दीर्घ श्वास ऐकू येतो. तो कुणाचा हे आम्ही अजून ओळखू शकलेलो नाही. साउंडने विचारलं होतं, काढून टाकू का. सगळ्यांनी ठेव म्हणून सांगितलं.